ऐकले आणि सांगितले

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. साहजिकच सातबारा असो की मोबाईलवरचा मजकूर, वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे. मागच्या रमजानमध्ये मी दादीला असाच एक मजकूर वाचून दाखवला. रोज्यात सुई घेतली तर रोजा तुटतो, असा कुणा ‘मोठ्या मुफ्तीसाहेबांचा’ फतवा त्यात होता. हे मुफ्ती कोण, त्यांना प्रश्न कोणी विचारला, काहीच लिहिले नव्हते. मीही चौकशी केली नाही.

दादीला मधुमेह आहे. तिने इन्सुलिन बंद केले. चौथ्या रोज्याला ती अंगणात कोसळली. साखर फार वाढली होती. तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

नंतर आमच्या मशिदीचे इमामसाहेब घरी आले. त्यांनी सांगितले, की आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनात, सूरह बकरामध्ये आहे. सुटलेले रोजे त्याने पुढे धरावेत. कधीच झेपणार नसतील तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. इन्सुलिनच्या सुईने रोजा तुटत नाही, असेच आजच्या बहुतेक उलेमांचे मत आहे. “मात्र रोजा झेपेल की नाही, हे डॉक्टरांना विचारा. ते मला कळत नाही,” असेही ते म्हणाले.

दादी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तूने पढा, इसलिए मैंने माना, बेटा.” उलेमांवरचा तिचा विश्वास माझ्या तोंडून वाया गेला होता.

काही मित्र म्हणतात, उलेमांचे ऐकायचेच कशाला? मला ते पटत नाही. ज्याने आयुष्य अभ्यासात घातले, त्याला विचारावेच लागते. पण विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) हदीस घेताना ती कोणी कोणाकडून ऐकली, ही सारी साखळी पारखीत. इमाम मालिक (मृत्यू इ. स. ७९५) अनेक प्रश्नांना ‘मला माहीत नाही’ असे सरळ उत्तर देत, अशी आठवण सांगतात. फतवा हेही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न गाळून उत्तर तेवढे पुढे ढकलले, की त्याचा अर्थच बदलतो.

धर्माच्या नावाने सांगितलेल्या गोष्टीचा आधार विचारणे ही बेअदबी नव्हे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात २०१२ मध्ये स्त्रियांना मजारीजवळ जाण्यास मनाई झाली. विश्वस्तांनी तिला धर्माचा आधार दिला. नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमन उच्च न्यायालयात गेल्या. विश्वस्तांनी दाखवलेल्या वचनांत अशी मनाई नाही, असा निर्णय २६ ऑगस्ट २०१६ रोजी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्त्रिया पुन्हा आत गेल्या.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या जिल्ह्यात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे वाचणारे एकटे आपणच. आपण वाचले म्हणजे ते खरे, असे घर समजते. म्हणून वाचण्याआधी विचारू या: हे कोणी सांगितले, कोणाला सांगितले, कोणत्या अडचणीत सांगितले? उत्तर मिळाले नाही, तर ‘इमामसाहेबांना विचारून सांगतो’ असे म्हणण्यात कसला कमीपणा? मी ते त्या वेळी म्हटले असते, तर दादीला दवाखाना पाहावा लागला नसता.

— बी. ए. भाग २