शिक्षा बंदिवासाची, आजाराची नव्हे

यंत्रमागांच्या खडखडाटाने रात्रंदिवस जागे राहणारे भिवंडी हे श्रमिकांचे शहर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून पोटासाठी आलेला माणूस येथे मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो, भिशीत जेवतो आणि पाळीगणिक माणसे बदलणाऱ्या खोलीत पथारी टाकतो. असा एखादा कामगार मारामारीच्या वा किरकोळ चोरीच्या आरोपाखाली पकडला गेला, की पोलीस कोठडीनंतर त्याची रवानगी बहुधा ठाणे मध्यवर्ती कारागृहात किंवा कल्याणच्या आधारवाडी कारागृहात होते. आरोपपत्र दाखल व्हायचे असते, साक्षीपुरावे तर दूरच. शिक्षा मात्र त्याच रात्री सुरू होते.

ठाणे कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ आणि आधारवाडीची ५४०. अलीकडच्या वर्षांत दोन्ही ठिकाणी बंद्यांची संख्या क्षमतेच्या तिपटीच्या घरात राहिली आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार बराकीत प्रत्येक बंद्याला ३.७१ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ४० चौरस फूट जागा मिळायला हवी. तिपटीच्या गर्दीत या ४० फुटांचे किती उरतात, याचे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. कूस बदलायलाही शेजाऱ्याची परवानगी लागावी अशा दाटीत खरूज, हगवण आणि क्षय यांना निराळे निमंत्रण द्यावे लागत नाही.

हा प्रश्न केवळ ठाणे जिल्ह्याचा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अद्याप निकाली निघायचे होते. म्हणजे चारांतील तिघे कायद्याच्या दृष्टीने निर्दोषच! त्याच वर्षी कारागृहांत १,९९५ मृत्यू झाले. त्यांपैकी ११९ आत्महत्या होत्या. उरलेल्यांतील बहुसंख्य मृत्यूंची नोंद ‘नैसर्गिक’ या सदरात झाली. परंतु वेळेवर न झालेले निदान, न मिळालेले औषध आणि रुग्णालयात न्यायला न मिळालेली पोलीस गार्द यांमुळे ओढवलेल्या मृत्यूला नैसर्गिक म्हणावे काय?

यातील गार्दीचा मुद्दा बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतो. बंद्याला न्यायालयात वा बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे, तर शस्त्रधारी पोलिसांचे पथक लागते आणि ते कारागृहाचे नसून पोलीस मुख्यालयाचे असते. सणासुदीचा, निवडणुकीचा वा मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त आला की सर्वप्रथम कात्री लागते ती या पथकांना. मग डॉक्टरांनी तपासणीसाठी दिलेली तारीख टळते, पुढची तारीख मिळते आणि तीही टळते. रोगाला मात्र बंदोबस्ताचे कारण सांगता येत नाही.

‘तुरुंग म्हणजे काय सासुरवाडी आहे?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही सहज विचारला जातो. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याच्या लेकीवर अत्याचार झाला, त्याचा संताप समजण्याजोगा आहे आणि सिद्धापराधी गुन्हेगाराला कठोर शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ती शिक्षा न्यायासनाने द्यायची असते. डासांनी, गळक्या शौचालयांनी आणि एखाद्या माथेफिरू रक्षकाने नव्हे. भारतीय दंडविधानात काय किंवा नव्या न्यायसंहितेत काय, ‘सहा महिने कैद आणि क्षयरोग’ अशी शिक्षा कोठेही लिहिलेली नाही. १८९४ चा तुरुंग कायदा परकीयांनी केला. पण आजारी बंद्याची खबर विनाविलंब वर गेली पाहिजे, हे त्या कायद्यातही होते. स्वराज्याने त्याहून खाली उतरावे काय?

सुरक्षेची कथाही निराळी नाही. २३ जून २०१७ रोजी मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. अंडी आणि पाव यांचा हिशेब लागत नाही, एवढ्यावरून हे प्रकरण पेटले होते. कारागृहातील सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. जिच्या जिवाची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घेतली, ती शासनाच्याच छपराखाली मारली गेली, यापरते लाजिरवाणे ते काय?

वस्तुतः कारागृहाची वेदना ज्यांना पुस्तकातून शिकावी लागू नये, असा समाज कोणता असेल तर तो राष्ट्रीय विचारांचा समाज होय. याच ठाण्याच्या कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे हुतात्मे फासावर चढले. अंदमानला नेण्यापूर्वी स्वातंत्र्यवीर सावरकरांना याच ठाण्याच्या तुरुंगात ठेवले होते. ‘माझी जन्मठेप’ हे केवळ एका क्रांतिकारकाचे आत्मवृत्त नाही. बंदिवानाच्या अन्नाविषयी, आजाराविषयी आणि अपमानाविषयी मराठीत मांडले गेलेले ते जळजळीत आरोपपत्र आहे. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतींद्रनाथ दास यांनी देह ठेवला, तो बंद्यांना माणसासारखे वागवावे या मागणीसाठी. आणीबाणीत स्थानबद्ध असतानाच जयप्रकाशजींची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या एकवीस महिन्यांत ज्यांचे वडील, काका, शेजारी येरवड्यात वा नाशिकरोडला होते, अशी घरे या महाराष्ट्रात थोडी नाहीत. त्या घरांनी तरी ‘आत गेला तो मेला’ असे म्हणू नये.

आणि म्हणूनच निवडक करुणेचा ढोंगीपणा उघडा पाडला पाहिजे. तथाकथित मानवाधिकारवाद्यांच्या सह्यांच्या मोहिमा नामांकित आरोपींसाठी निघतात. भिवंडीच्या मागवाल्यासाठी कोणी मेणबत्ती पेटवत नाही. मालेगाव स्फोटाच्या खटल्यात सुमारे साडेआठ वर्षे कोठडीत काढलेल्या साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांनी छळाची आणि आजारपणाची तक्रार केली, तेव्हा ही मंडळी मौनात होती. ३१ जुलै २०२५ रोजी त्या खटल्यातील सातही आरोपी निर्दोष सुटले. परंतु हे बोट दुसऱ्याकडे दाखवताना उरलेली बोटे कोठे वळतात, तेही पाहावे. तळोजा कारागृहात असलेले कंपवाताचे रुग्ण, ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहतच रुग्णालयात निवर्तले. त्यांच्या विचारांशी कितीही तीव्र विरोध असो, आजारी वृद्धाला उपचार वेळेवर मिळावेत, एवढे म्हणण्यासाठी त्यांचे विचार पटण्याची गरज नव्हती. जी करुणा आधी आरोपीचा पक्ष विचारते, ती करुणा नव्हे, पक्षकार्य होय.

शिवाय हा प्रश्न भिंतीआड राहत नाही. क्षयाचा उपचार किमान सहा महिने अखंड चालावा लागतो. जामिनावर सुटलेला वा दुसऱ्या कारागृहात हलवलेला रुग्ण उपचाराची कागदपत्रे न घेता बाहेर पडला, की औषध तुटते आणि औषधाला न जुमानणारा क्षय घेऊन तो भिवंडीच्या त्याच दाट खोलीत परततो. जंतू कोणाची जात वा धर्म पाहत नाही.

उपाय नाहीत, असेही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर तो सुटकेस पात्र ठरतो आणि त्यासाठी न्यायालयाला कळवण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकाचे आहे. अडते ते पुढे. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कोठून आणायचा? ऐपतीचा दाखला, शिधापत्रिका, स्थानिक पत्ता यांपैकी काहीच परप्रांतीय मजुराच्या गाठी नसते. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी जामिनाकरिता ४०,००० आणि दंडाकरिता २५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची योजना आणली. कागद चोख आहे. त्या कागदाचा पाठपुरावा करणारा माणूस हवा आहे.

तो माणूस समाजातून उभा राहिला पाहिजे. भूकंपात आणि महापुरात धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यांना हे अवघड नाही. ठाणे आणि कल्याणमधील वकिलांनी महिन्यातील एक दिवस विधी सेवा प्राधिकरणाला द्यावा. डॉक्टरांनी कारागृहात तपासणी शिबिरे घ्यावीत. भिवंडीतील कार्यकर्त्यांनी जामीन मिळूनही अडकलेल्यांची यादी मागून त्यांच्या घरच्यांना गाठावे. शासनाने अभ्यागत मंडळावरील अशासकीय सदस्यांच्या जागा भराव्यात, रुग्णालयासाठी गार्दीची स्वतंत्र पथके द्यावीत आणि ३०० बंद्यांमागे एक डॉक्टर हा नियमावलीतील दंडक पाळावा.

ठाण्याच्या त्या भिंतींना दरवर्षी १९ एप्रिलला पुष्पहार वाहिले जातात, ते योग्यच आहे. पण त्याच भिंतीच्या आत एखादा मजूर औषधावाचून खोकत असेल, तर त्या पुष्पहारांना हुतात्म्यांनी काय म्हटले असते, याचा विचार हार वाहणाऱ्यांनीच करावा.