सिगारेट कार्डांचे पाठभेद

१/
१९१५ साली वॉटर्लूच्या लढाईला शंभर वर्षे पूर्ण होत होती. ब्रिस्टॉलच्या 'विल्स' या तंबाखू कंपनीने त्या निमित्ताने पन्नास कार्डांचा एक संच सिद्ध केला. नेपोलियनचा पराभव हा इंग्रज ग्राहकाला हमखास रुचणारा विषय. तरीही तो संच सिगारेटच्या पाकिटांत कधीच गेला नाही. १८१५ साली ज्या फ्रान्सला धूळ चारली, तोच आता ब्रिटनचा मित्र म्हणून रणांगणावर उभा होता. आणि त्या वेळी वेलिंग्टनच्या मदतीला धावून आलेल्या प्रशियाचे वारस समोरच्या खंदकात होते. मित्राला दुखवायला नको म्हणून तयार संच बाजूला ठेवला गेला. त्यातील जी थोडी कार्डे पुढे बाहेर आली, त्यांवर आज संग्राहक जीव टाकतात.

२/
ही कार्डे मुळात आधारासाठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटांत मिळत. त्या चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येते, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. पंचवीस किंवा पन्नासांचा संच, पाकिटात मात्र एकच कार्ड. संच पुरा करायचा तर पाकिटे घेत राहावी लागत. सम्राट, सेनापती, समुद्री चाचे, नट्या, खेळाडू, सारे या पुठ्ठ्यावर आले. ओढणाऱ्यांकडून कार्डे मागून घेणारी मुले हा या व्यवसायाचा दुसरा ग्राहकवर्ग होता. इतिहासातल्या कित्येक थोरांशी त्या मुलांची पहिली ओळख अशी धुराच्या वासातून झाली.

३/
बखरींचा अभ्यास करणाऱ्याला पाठभेदाचे मोल सांगावे लागत नाही. सभासद बखरीच्या दोन हस्तलिखितांत एक वाक्य वेगळे आले, तर ते कोणी घातले, कोणी गाळले आणि कोणाच्या काळात, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. सिगारेट कार्डांतील दुर्मीळ प्रकारांकडे याच नजरेने पाहायला हवे. दुर्दैवाने आजचा बाजार त्यांच्याकडे केवळ दुर्मीळतेच्या नजरेने पाहतो, आणि त्यामुळे त्यांतला इतिहास हातचा निसटतो.

४/
या बाजाराचे दैवत म्हणजे होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेतून ते लवकरच मागे घेतले गेले. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे वॅग्नरला मान्य नव्हते, असे एक कारण सांगतात. त्याला मोबदला मिळाला नाही, असे दुसरे. आज साधारण पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. २०२२ साली त्यांतील एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. सर्वांत गाजलेल्या प्रतीच्या कडा कापून ती 'कोरी करकरीत' बनवली होती, अशी कबुली बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात दिली. पुराव्यालाच कात्री लावून त्याची किंमत वाढवण्याचा हा प्रकार.

वॅग्नरच्या कार्डाचे खरे महत्त्व निराळे आहे. त्याने नकार दिला आणि तो ऐकला गेला.

५/
आता त्याच्या शेजारी दुसरे कार्ड ठेवून पाहावे. १८८८ साली रिचमंडच्या 'ॲलन अँड गिंटर' कंपनीने 'अमेरिकन इंडियन चीफ्स' हा पन्नास कार्डांचा संच काढला. रंग सुरेख, छपाई देखणी. त्यात अपाची योद्धा जेरोनिमो आहे. १८८६ साली शरण आल्यापासून तो अमेरिकन सरकारचा युद्धकैदी होता आणि १९०९ साली मरेपर्यंत कैदीच राहिला. त्यातच सिटिंग बुल आहे. संच निघाल्यावर दोनच वर्षांत, डिसेंबर १८९० मध्ये, त्याला अटक करायला आलेल्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. १८८७च्या डॉस कायद्याने या समाजांच्या सामायिक जमिनींचे तुकडे पाडण्याची वाट मोकळी केली होती. जमीन जात असताना त्यांच्या सरदारांचे पिसांचे मुकुट सिगारेटसोबत फुकट वाटले जात होते. वॅग्नरला जो नकार देता आला, तो देण्याची सोय जेरोनिमोला नव्हती. म्हणून त्याचे कार्ड मागे घेतले गेले नाही, आणि म्हणूनच ते तुलनेने सहज सापडते. दुर्मीळता हाच निकष धरला, तर हा सारा इतिहास स्वस्त ठरतो.

६/
युद्धाने केलेले पाठभेद तर फारच बोलके आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्सच्याच 'म्युझिकल सेलिब्रिटीज'च्या दुसऱ्या मालिकेतून आठ जर्मन कलावंत काढून टाकले गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. बदली कार्डे मुबलक मिळतात. मूळ आठ मिळणे कठीण. गाणे-वाजवणे तेच होते, पण जन्मस्थान अडचणीचे झाले. एखाद्या राष्ट्राच्या मनातला द्वेष किती खोल उतरला होता हे पाहायचे, तर संसदेतल्या भाषणांइतकाच हा पुठ्ठ्याचा तुकडाही कामाचा आहे.

७/
१९३६ साली विल्सने नवा राजा आठवा एडवर्ड याच्या जीवनावर पन्नास कार्डांचा संच तयार केला. डिसेंबरात राजाने गादी सोडली. संच बाहेर पडलाच नाही. जवळजवळ सगळा नष्ट केला गेला. मोजकेच संच वाचले. त्याच वर्षी जर्मनीत सिगारेटच्या पाकिटांतून मिळणाऱ्या कुपनांवर हिटलरच्या जीवनाची छायाचित्रे मिळत आणि ती चिकटवायला 'आडॉल्फ हिटलर' नावाचा जाडजूड अल्बम होता. घरोघरी तो भरला गेला. एका देशात राजाची चित्रे गुपचूप नष्ट होत होती, तर दुसऱ्या देशात मुले हुकूमशहाची चित्रे प्रेमाने डकवत होती.

८/
पैशाने तरी या वस्तू जपल्या जातात, असे संग्राहक म्हणतील. त्यात तथ्य आहे. पण जेफरसन बर्डिक याने दुसरी वाट दाखवली होती. सिरॅक्यूज येथील कारखान्यात विजेचे सुटे भाग जोडणारा हा साधा कामगार. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. त्याने कार्डांची पहिली मोठी सूची रचली. वॅग्नरच्या मालिकेचे 'टी २०६' हे नावही त्याच्या सूचीतले. तीन लाखांहून अधिक कागदी वस्तू त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या आणि तेथे बसून वर्षानुवर्षे त्या अल्बमात चिकटवल्या. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले, मार्चमध्ये तो गेला. डिंक लावलेले कार्ड बाजारात पडेल भावाचे होते, याची त्याला पुरती जाणीव असणार. त्याने सामान्य कार्डे आणि दुर्मीळ कार्डे एकाच पानावर ठेवली, आणि पाठभेद कळतो तो तशाच शेजारामुळे.

९/
महाराष्ट्रातील तरुणांना याचे उदाहरण फार दूर शोधायला नको. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव पुण्यातील एका विडीवर कित्येक वर्षे होते. विरोध झाला, आणि २०२०-२१च्या सुमारास उत्पादकाने ते बदलले. विरोध योग्यच होता. धर्मवीर म्हणून ज्यांना पूजायचे, त्यांचे नाव असलेला कागद विडी संपल्यावर पायदळी जाणे कोणाला रुचेल? परंतु ते नाव तेथे इतकी वर्षे कोणाला खटकले नाही, मग एकाएकी खटकले, हादेखील महाराष्ट्राच्या स्मृतीचा इतिहास आहे. त्याचा पुरावा म्हणजे बदलाच्या आधीचे वेष्टन आणि नंतरचे वेष्टन, शेजारी शेजारी. शिवकालीन नाणी जमवणाऱ्या कितीजणांच्या वहीत ही दोन वेष्टने असतील?