खाऱ्या पाण्याची खरी किंमत

विणलेल्या सुती कपड्यांच्या निर्यातीत तमिळनाडूतील तिरुपूर शहराचे स्थान अग्रभागी आहे. या वैभवाची एक बाजू मात्र खारट आहे. सुतावर रंग नीट चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावे लागते. ते कापडात राहत नाही. जवळजवळ सर्व सांडपाण्यात उतरते. हे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत गेले. सिंचनासाठी १९९२ साली उभारलेल्या ओरत्तुपाळयम धरणात ते साठले, विहिरी खारावल्या आणि शेतकऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. सांडपाणी मुळीच बाहेर सोडू नये, असे मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली फर्मावले. त्याचे पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

यावर सापडलेला उपाय खर्चिक आहे. सूक्ष्म पडद्यांतून गाळून बरेचसे पाणी परत मिळते; पण उरलेले अतिक्षारयुक्त पाणी आटवावेच लागते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणून एका पात्रातील वाफेने पुढच्या, कमी दाबाच्या पात्रातील द्रावण तापवतात. आपल्या साखर कारखान्यांत उसाचा रस याच रीतीने आटवतात. इंधन वाचते, तरी खर्च उरतोच. शेवटी हाती येणारे शुद्ध मीठ पुन्हा वापरता येते. संमिश्र क्षार मात्र साठवून ठेवावे लागतात.

‘हा खर्च उद्योगाला परवडेल काय?’ असे विचारले जाते. वस्तुतः हा खर्च नवा नाही. पूर्वी तो नापीक जमिनीच्या रूपाने शेतकरी भरत होता. कारखान्याच्या हिशेबवहीत त्याची नोंद नव्हती, एवढेच. न्यायालयाने खर्च निर्माण केला नाही. तो योग्य खात्यावर टाकला.

तथापि न्याय येथे संपत नाही. लहान कारखानदाराला हे ओझे एकट्याने पेलणार नाही. त्याला सामाईक यंत्रणा व स्वस्त कर्ज हवे. नियम एकाच शहरापुरता कडक राहिला, तर रंगाई दुसऱ्या नदीकाठी जाईल. म्हणून तो सर्वत्र सारखा हवा. आणि स्वस्त कपडा मागणाऱ्या ग्राहकाने, मग तो देशातील असो वा परदेशातील, या खर्चाचा वाटा किमतीत उचलला पाहिजे. तो वाटा नाकारणे म्हणजे बिल पुन्हा नदीकाठच्या शेतकऱ्याकडे पाठवणे होय.