चुकणारा माणूस आधीच ओळखता येतो म्हणे

हजेरी, ओव्हरटाइम, अलार्म, वर्क परमिट, कारखान्यात सगळ्याची नोंद आता संगणकात होते. त्यावरून उद्या कोण चुकणार हे आजच सांगू, असा काही सल्लागारांचा दावा. त्यांचे गृहीतक जुनेच: अपघात बहुतेक माणसाच्या चुकीने होतात. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिकने १९३१ साली आकडाही दिला, ८८ टक्के. पण तो निघाला विम्याच्या दाव्यांतून आणि कारखान्यांच्या अहवालांतून. अहवाल लिहिणार सुपरवायझर. आपल्याच खात्यातला व्हॉल्व्ह नादुरुस्त होता, असे तो कशाला लिहील?

अमेरिकेत बीपी या तेल कंपनीच्या टेक्सस सिटी रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी स्फोट झाला. १५ माणसे गेली, सुमारे १८० जखमी झाली. कंपनीच्या पहिल्या अहवालाने बोट दाखवले ते ऑपरेटर आणि सुपरवायझरांकडे. ऑपरेटर चुकले हे खरेच, टॉवर वाजवीपेक्षा फार भरला. पण पातळी दाखवणारे उपकरण ती उतरते आहे असे सांगत होते, वरच्या पातळीचा दुसरा अलार्म वाजलाच नाही, कंट्रोल बोर्डावरचा माणूस एकटा तीन युनिटे सांभाळत होता आणि काही जण २९ किंवा अधिक दिवस सलग बारा-बारा तासांची पाळी करत होते. आधीच्या पाच वर्षांत तोच टॉवर सुरू करताना बहुतेक वेळा पातळी अशीच चढली होती. त्याची नोंद होती. पण जवळून टळलेला अपघात म्हणून कोणी चौकशी केली नाही. वरचे साहेब पाहत होते तो किरकोळ दुखापतींचा दर, आणि तो छान उतरत होता!

म्हणजे भाकीत शक्य होते. ते पाळीचे, बोर्डाचे, रखडलेल्या दुरुस्तीचे. एकच पायरी सगळ्या पाळ्या गाळत असतील, तर कार्यपद्धती तपासायला हवी. माणसांना गुण देऊ लागलात की उलटेच होते. थोडक्यात टळलेला प्रसंग मग कोणी लॉगबुकात लिहीत नाही.

‘नोंदीच नकोत’ म्हणणाऱ्या कामगार पुढाऱ्यांचेही मला पटत नाही. थकव्याचा पुरावा कामगाराकडे दुसरा कुठला असतो? पाळ्यांचे तास, अलार्मचा मारा, थकलेल्या दुरुस्त्या दरमहा सुरक्षा समितीपुढे याव्यात. आणि नावानिशी गुण द्यायचेच असतील, तर सुरुवात ओव्हरटाइमवर सही करणाऱ्यापासून करा.