गावात गुन्हे कमी, की नोंदीच कमी? ‘आमची हद्द नाही’ या उत्तरात हरवणाऱ्या तक्रारींचा हिशेब

उल्हासनगर : कॅम्प २ मध्ये लग्नाचा बस्ता बांधायला, फर्निचर बघायला, जपानी बाजारात स्वस्तात कपडे घ्यायला आजूबाजूच्या गावांतून रोज माणसं येतात. म्हारळ, वरप, कांबा ही गावं तर मुरबाड रस्त्यावर उल्हासनगरला लागूनच आहेत. समजा, नेहरू चौकाच्या गर्दीत वरपच्या एका बाईच्या पर्समधून मोबाईल आणि पैसे गेले. ते लक्षात आलं घरी पोहोचल्यावर. आता तक्रार द्यायची कुठे?

प्रश्न साधा वाटतो, पण गावाच्या सुरक्षिततेचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कारण आपल्या भागात गुन्हा एका हद्दीत होतो, माणूस राहतो दुसऱ्या हद्दीत आणि दोघांच्या मधे तक्रार पडून राहते.

तीन पोलीस, एकच पट्टा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, परिमंडळ ४ मध्ये. म्हारळ, वरप, कांबा मात्र ठाणे ग्रामीण पोलिसांकडे, म्हणजे कल्याण तालुका पोलीस ठाण्याकडे. हे ठाणं आहे टिटवाळ्याला. घरापासून उल्हासनगरचं पोलीस ठाणं जवळ, पण आपलं ठाणं लांब, अशी गंमत. बदलापूरच्या आसपासची बरीच गावं ग्रामीणच्या कुळगाव पोलीस ठाण्यात, तर मलंगगड पट्ट्यातली द्वारली, नेवाळीसारखी गावं शहराच्या हिललाईन पोलीस ठाण्यात. त्यातून शहाड किंवा विठ्ठलवाडी स्टेशनवर, लोकलमध्ये काही घडलं तर ते लोहमार्ग पोलिसांचं.

सर्वसामान्य माणसाला हे नकाशे पाठ नसतात. तो जवळच्या ठाण्यात जातो, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ ऐकतो आणि रिक्षाचं भाडं, बुडालेली रोजंदारी यांचा हिशेब करून घरी परततो. गुन्हा घडलेला असतो, पण कागदावर तो कुठेच नसतो.

आकडा कसा तयार होतो?

‘अमुक भागात गुन्हे घटले’ अशी बातमी येते तेव्हा तो आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल दाखल झालेल्या एफआयआरवरून बनतो. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तर त्यातलं सगळ्यात गंभीर कलम धरून गुन्हा एकदाच मोजला जातो. तो अहवाल राज्य, जिल्हा, आयुक्तालय इथपर्यंत सांगतो. तुमच्या गावात काय झालं, हे त्यात सापडणार नाही.

गावातल्या तक्रारी या मोजणीतून गळतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं, ‘गहाळ’. मोबाईल चोरीला जातो, पण हातात मिळतो तो गहाळ झाल्याचा दाखला. नवीन सिमकार्ड काढायला तो चालतो, म्हणून माणूसही खूश. पण गहाळ म्हणजे हरवलं. हरवल्याचा गुन्हा होत नाही, तपासही चोरीसारखा होत नाही.

दुसरं, ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद. बांधावरून शिवीगाळ, धक्काबुक्की, धमकी अशी बरीच प्रकरणं एनसीत जातात. अशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरीही, आरोपी पहिल्यांदाच सापडलेला असेल तर, अदखलपात्र धरली आहे. म्हणून तक्रारीत वस्तूची खरी किंमत लिहिणं आणि बिल जपून ठेवणं महत्त्वाचं.

तिसरं, ‘इज्जत’. मुलीची छेड, नवऱ्याची मारहाण, नातेवाईकाचा हात. ही प्रकरणं ठाण्यापर्यंत येतच नाहीत. चावडीवर, भावकीत मिटतात. मिटतात म्हणजे काय, तर सोसणारी गप्प बसते.

या तिन्ही गोष्टी जास्त असलेलं गाव कागदावर एकदम शांत दिसतं. आणि जिथं बायका धीर करून तक्रार देतात, ते गाव कागदावर बदनाम दिसतं. म्हणून नुसता आकडा बघून गाव सुरक्षित आहे की नाही, ते ठरवता येत नाही.

बदलापूरनं काय शिकवलं?

नोंद उशिरा झाली की काय होतं, हे आपल्या शेजारच्या बदलापुरानं ऑगस्ट २०२४ मध्ये दाखवलं. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला १२ आणि १३ ऑगस्टला. गुन्हा दाखल झाला १६ ऑगस्टच्या रात्री, तोही पालकांना ठाण्यात तासन् तास ताटकळत बसवल्यानंतर. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल दिवसभर बंद पडल्या. त्याच दिवशी बदलापूरच्या वरिष्ठ निरीक्षकासह तीन पोलिसांना निलंबित केलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि २२ ऑगस्टला पोलिसांच्या दिरंगाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं.

बदलापूर शहर आहे, तिथं रेल्वे आहे, कॅमेरे आले, म्हणून देशाला कळलं. एखाद्या पाड्यावर पालकांना असंच बसवून ठेवलं असतं तर? तिथं रोखायला रेल्वे नाही.

आणखी एक गोष्ट. ही घटना अंधाऱ्या रस्त्यावरची नव्हती. ज्या जागेला आईबाप सुरक्षित समजतात, तिथली होती. राष्ट्रीय अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की, देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या दहा गुन्ह्यांपैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. आपण मात्र मुलींना ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढंच सांगतो.

कायदा इथं स्पष्ट आहे. मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती कळूनही ती न कळवणं हाच पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे. मग ती शाळा असो की नातेवाईक. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम ठाण्यात शांतपणे, नाव घेऊन सांगा. फरक पडतो.

चोरापेक्षा बांध जास्त भारी

आपल्या पट्ट्यात रक्त सांडण्यामागचं एक मोठं कारण रात्रीचा चोर नाही, जमीन आहे. बिल्डर आले, रस्ते आले, गुंठ्याला भाव आला आणि एका सातबाऱ्यावरच्या दहा नावांत दहा तोंडं झाली.

२ फेब्रुवारी २०२४ ची रात्र कुणी विसरलेलं नाही. द्वारली गावातल्या जागेच्या वादावरून दोन्ही बाजू उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात आल्या होत्या. तिथं वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. शिवसेनेचे (शिंदे गट) महेश गायकवाड यात जखमी झाले आणि भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्याआधी २२ जून २०१७ ला नेवाळीच्या विमानतळ धावपट्टीच्या जमिनीवरून आंदोलन पेटलं होतं, पोलिसांच्या गाड्या जळाल्या होत्या. ती जमीन दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी घेतलेली. वाद तेव्हापासूनचा.

दोन्ही प्रकरणं वेगळी, पण एक गोष्ट सारखी. जागेचा वाद अचानक पेटत नाही. आधी मोजणीवरून कुरबूर, मग कुंपण तोडणं, मग धमकी, मग माणसं गोळा करणं अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर कागद करायची संधी असते आणि बहुतेक वेळा आपण ती सोडतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. शांतता भंग होण्याइतका वाद वाढला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदार-प्रांतांकडे प्रकरण जाऊ शकतं. सतत धमक्या देणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र लिहून घेता येतो. आपण ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतो ती हीच. मालकी कोणाची हे दिवाणी कोर्ट ठरवेल, पण तोपर्यंत डोकी फुटू नयेत, याची ही तजवीज आहे.

मोबाईलमधला चोर

दुसऱ्या टोकाला आहे ती अफवा. ‘मुलं पळवणारी टोळी आली’, ‘रात्री ड्रोन फिरतंय, दरोडा पडणार’ असे मेसेज दर एक-दोन वर्षांनी गावागावांत फिरतात. फोटो भलत्याच राज्यातला, आवाज भलत्याच माणसाचा. पण गाव जागं होतं, काठ्या निघतात.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागून जगणारे होते. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले इथं चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. पोलीस समोर असताना. दोन्ही गावांत चोर नव्हताच. मेलेले निरपराध होते आणि नंतर गावातलीच माणसं तुरुंगात गेली.

रात्रीची गस्त वाईट नाही. पण गस्त म्हणजे काठी नव्हे, फोन. पोलीस पाटलांना माहिती देऊन, नावं ठरवून, दोन-दोनच्या जोडीनं फिरायचं. अनोळखी माणूस दिसला तर विचारायचं, शंका आली तर ११२ ला कळवायचं. हात लावायचा नाही. मेसेज आला की तो पुढे ढकलण्याआधी पोलीस पाटलांना दाखवायचा.

आता काय कराल?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवण्यासारखं आहे.

• दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पूर्वी हे सूचनांवर चालायचं, आता कायद्यात लिहिलंय. वरपच्या बाईनं टिटवाळ्यात दिली काय, उल्हासनगरात दिली काय, घ्यावीच लागेल.

• लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, मगच सही.

• ऑनलाईन कळवलं तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. नाहीतर ते नोंदलं जात नाही.

• एफआयआरची प्रत लगेच आणि फुकट मिळते. प्रत घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका.

• तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. तसं सांगितलं तर तेही लेखी मागा.

• नोंद घ्यायला नकार मिळाला तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस उपायुक्तांना) पाठवा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

• चोरी झाली असेल तर अर्जात ‘चोरी’ असंच लिहा, ‘गहाळ’ नको. मोबाईलचा आयएमईआय नंबर आजच *#०६# दाबून वहीत उतरवून ठेवा.

• ऑनलाईन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे पुढे सरकतात. मुलांच्या बाबतीत १०९८.

गावाचा हिशेब गावानं ठेवावा

एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, संवेदनशील गुन्हे सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर त्या ठाण्याप्रमाणे बघता येतात. त्यापुढचं काम माहिती अधिकाराचं. दहा रुपयांचा अर्ज करून विचारा की, गेल्या तीन वर्षांत आमच्या गावातून किती एफआयआर, किती एनसी, किती गहाळ दाखले? नावं मागू नका, फक्त संख्या मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचा. बीट अंमलदार आणि पोलीस पाटील यांना त्या सभेला बोलवा. पोलीस पाटलाचं पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातलं आहे. गावातल्या गुन्ह्याची खबर वर देणं हे त्याचं कामच आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारनं त्यांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार केलंय. तेव्हा प्रश्न विचारायचा गावाला हक्क आहे. एफआयआर कमी आणि गहाळ दाखले, एनसी ढिगानं असतील, तर गाव शांत नाही, नुसतं गप्प आहे, हे सगळ्यांसमोर येईल.

एखाद्या वर्षी गावाचा आकडा वाढला म्हणून लाज वाटायचं कारण नाही. कुणीतरी धीर करून सांगितलं आणि कुणीतरी लिहून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पोलिसांनीही वाढलेल्या आकड्यावरून ठाण्याला नापास करायची सवय सोडली, तर ‘आमची हद्द नाही’ म्हणायची गरजच कमी होईल.