रस्ता बंद, शर्यत चालू

 

या सदरात पहिल्या वर्षी मी कुंडीतल्या कढीपत्त्याची कहाणी सांगितली, गेल्या वर्षी लेकीच्या मराठीची. यंदा सायकल शर्यतीवर लिहिणार म्हटल्यावर नवरा हसला. "तू शेवटची सायकल कधी चालवलीस?" मी म्हटलं, "क्रिकेटवर लिहिणारे सगळे काय सेंच्युरी मारून आलेले असतात का?"

तुमच्यापैकी बरेच जण अटलांटाहून दोन तास गाडी चालवत आमच्या चॅटनूगाला येता. रॉक सिटी बघता, रुबी फॉल्स बघता, लुकआउट माउंटनवर फोटो काढता आणि संध्याकाळी परत जाता. पण २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षं, मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीत, अमेरिकेची व्यावसायिक सायकलपटूंची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच गावात झाली. ही स्पर्धा १९८५ साली फिलाडेल्फियात सुरू झाली. २००६ पासून ती साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला गेली आणि २०१३ मध्ये आमच्याकडे आली. जिंकणाऱ्याला पदक मिळतंच, पण खरा मान असतो तो तारे आणि पट्टे असलेल्या जर्सीचा. पुढचं वर्षभर तशा प्रकारच्या प्रत्येक शर्यतीत, मग ती फ्रान्समध्ये असो की बेल्जियममध्ये, ती जर्सी घालूनच उतरायचं.

मी इथे आले ती २०१३ च्या जानेवारीत. नवऱ्याची नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. आधी चाकण, मग इथे. फोक्सवॅगनचा कारखाना दोन्हीकडे आहे, त्यामुळे आमच्यासारखी चाकणहून चॅटनूगाला आलेली घरं इथे आणखीही भेटतात. मी चिंचवडला सात वर्षं आठवी ते दहावीला भूगोल शिकवत होते. भूगोलात एम. ए. केलेल्या बाईला विमानातून उतरल्यावर एक नवीनच प्रदेश कळला, एच-४ नावाचा. तिथे तेव्हा राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती.

त्या पहिल्या मे महिन्यात दोन वर्षांच्या लेकीला ढकलगाडीत घालून मी दूध आणायला निघाले आणि चौकात पोलिसानं अडवलं. रस्ता बंद. मला एकदम पुण्यातली पालखी आठवली. पालखी येणार त्या दिवशी सगळे रस्ते बंद असतात, सगळे कुरकुरतात आणि पालखी समोर आली की कुरकुरणारेच हात जोडतात. इथेही तसंच झालं. आधी मोटारसायकली गेल्या, मग गाड्या आणि मग एकदम वाऱ्याचा सपकारा यावा तसा सायकलींचा थवा गेला. मी डोळे विस्फारून बघत राहिले, कारण त्या सगळ्या बायका होत्या.

नंतर कळलं की अमेरिकेच्या या स्पर्धेत व्यावसायिक पुरुषांबरोबर त्याच गावात, त्याच सोहळ्यात स्त्रियांचीही शर्यत झाली ती त्याच वर्षी पहिल्यांदा. त्याआधी त्यांची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी, दुसरीकडे व्हायची. पुरुषांची सायकल ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे, स्त्रियांची रोड रेस आली १९८४ साली. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं बायका कुठे होत्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

त्या वर्षी पुरुषांमध्ये फ्रेडी रॉड्रिगेझ जिंकला. जन्म कोलंबियातल्या बोगोटाचा, वय एकोणचाळीस, आणि हे त्याचं चौथं विजेतेपद. बायकांमध्ये जेड विल्कॉक्सन. पुढच्या वर्षी एरिक मार्कॉट जिंकला, तो कायरोप्रॅक्टर, म्हणजे लोकांचे मणके सरळ करून देण्याचा व्यवसाय करणारा. आणि बायकांमध्ये ॲलिसन पॉवर्स, जी आधी बर्फावरच्या स्कीइंगच्या शर्यतींत उतरायची. म्हणजे दुसरीकडून आलेली, दुसरंच काही करून आलेली माणसं इथे जिंकतात, हे मला तेव्हापासून आवडायला लागलं.

शेवटच्या वर्षी, २०१५ मध्ये, मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. पगार नाही, तेव्हा व्हिसाची अडचण नाही. पोपटी रंगाचं जाकीट, हातात झेंडा, गळ्यात शिट्टी. काम इतकंच की शर्यत येताना कुणाला रस्ता ओलांडू द्यायचा नाही. शाळेच्या गेटवर उभं राहून साडेतीनशे पोरं रस्त्यापार नेलेल्या बाईला हे काही अवघड नव्हतं. पहिली शिट्टी वाजवली आणि कोपऱ्यावरचे पाच-सहा धिप्पाड पुरुष जागच्या जागी थांबले. किती दिवसांनी माझं कुणी इतकं ऐकलं असेल!

माझ्या जोडीला एक निवृत्त गृहस्थ होते, सायकलचे जुने वेडे. मी त्यांना विचारलं, "ती एकटीच मागे का गेली? दमली का?" थव्यातली एक मुलगी मागे संघाच्या गाडीपाशी गेली होती आणि आता जर्सीत, पाठीवर, पोटाशी पाण्याच्या बाटल्या कोंबून पुन्हा थव्याकडे जीव तोडून निघाली होती. ते म्हणाले, "दमली नाही. ती डोमेस्टिक आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण शब्द तोच आहे, फ्रेंच भाषेतला, अर्थ घरगडी. संघात एकजण जिंकण्यासाठी असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी. पाणी आणायचं, खाणं पोचवायचं, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवेला ढकलण्यात जाते. कुणाच्या मागे राहिलं तर साधारण पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी वाईला शाळेत जाताना समोरून वारा आला की आम्ही तिघी मैत्रिणी एकीमागे एक लागायचो आणि आळीपाळीने पुढे यायचो. फरक एवढाच की आमच्यात पाळी बदलायची.

तसंच आपली मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवा. बोरघाटात सगळ्यांत पुढे असणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्याला घाटापर्यंत वाऱ्यापासून सांभाळून कुणी आणलं, हे मात्र आपण कधी विचारत नाही. इथे घाट म्हणजे लुकआउट माउंटन. त्याचा चढ पुन्हा पुन्हा चढावा लागतो आणि दर फेरीला थवा पातळ होत जातो. सगळ्यांत मागे एक गाडी असते, तिला 'झाडूगाडी' म्हणतात. जे पार मागे पडले त्यांना झाडून गोळा करत येते. हे ऐकून मला हसू आवरेना. घरगडी, झाडू. मी चार वर्षं घरात जो शब्दकोश वापरत होते, तो इथे राष्ट्रीय स्पर्धेत चालत होता!

कितवी फेरी होती कोण जाणे, एक मुलगी आमच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. पाठीवरचा नंबर काढला आणि फुटपाथच्या कडेला बसली. वय असेल पंचवीस-सव्वीस. गुडघ्यावर जुन्या जखमांचे व्रण, चेहऱ्यावर वाळलेल्या घामाचं मीठ. मी पाणी दिलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो "पुढे कोण आहे?" आपल्या संघातली पुढच्या घोळक्यात आहे हे कळल्यावर तिचे खांदे सैल झाले. मी विचारलं, "वाईट नाही वाटत? शर्यत अर्धी सोडावी लागली." ती म्हणाली, "माझं काम झालं. आता फक्त भूक लागलीय."

भूक लागली म्हणणाऱ्याला मराठी बाई काय करणार? माझ्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. तिनं चार खाल्ल्या. ओवा दाताखाली आला तेव्हा थबकली, मग पाचवी मागितली. खाता खाता सहज विचारलं, "तू काय करतेस?"

मंडळी, गेली दोन-अडीच वर्षं या प्रश्नाला मी "काही नाही, घरीच असते" असं उत्तर देत आले होते. शिट्टीचा परिणाम असेल किंवा उन्हाचा, माझ्या तोंडून निघालं, "मी शिक्षिका आहे." 'होते' नाही, 'आहे'. ती म्हणाली, "अरे वा, म्हणूनच शिट्टी अशी वाजते!" आणि सायकल हातात धरून निघून गेली. ती कोणत्या संघातली होती ते मी सांगत नाही. तिची साथीदार जिंकली नाही. जिंकली मेगन गार्निअर.

पुरुषांत मॅथ्यू बुश जिंकला. हा बाकीच्या वर्षात मोठ्या संघात दुसऱ्यांसाठी राबणारा. राष्ट्रीय स्पर्धेची हीच गंमत आहे, असं माझ्या जोडीदारानं समजावलं. युरोपातल्या मोठ्या संघांत अमेरिकन असतात दोन-तीनच, त्यामुळे या एका दिवशी कुणाच्या मागे पुढे सगळा लवाजमा नसतो. वर्षभर पाणी वाहणाऱ्यालाही त्या दिवशी स्वतःसाठी चालवायची संधी मिळते. बुशनं आधीही, २०११ साली ग्रीनव्हिलमध्ये, अशीच जर्सी मिळवली होती, तीही जॉर्ज हिंकॅपीसारख्या नावाजलेल्या गड्याला त्याच्याच गावात अगदी चाकाभराच्या फरकानं मागे टाकून.

ही शर्यत झाली सोमवारी, २५ मे रोजी. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी २६ मे रोजी, एक नियम लागू झाला, जो आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांना पाठ आहे. ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर झाला आहे, अशा एच-४ वाल्यांना कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. आमचा मंजूर झालेला होता. फेब्रुवारीत नियमाची घोषणा झाली तेव्हाच नवऱ्यानं फॉर्म छापून आणून दिला होता. तो माझ्या मसाल्याच्या खणाखालच्या खणात पडून होता, वीज बिलांखाली. मी रोज काहीतरी कारण काढत होते. लेक लहान आहे. इथल्या शाळा वेगळ्या. पदव्यांचं मूल्यमापन करून घ्यायचं म्हणजे विद्यापीठातून कागद मागवायचे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला भीती वाटत होती की वर्गात उभी राहीन आणि आता मला येत नसेल.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला घरगड्याची गोष्ट सांगितली. तो भावुक होऊन म्हणाला, "खरंच, तू आमच्यासाठी वारा अंगावर घेतेस." बोलणं गोड होतं, पण मला पटलं नाही. मी म्हटलं, "थांब. त्या मुलीला पगार आहे. करार आहे. संघाला बक्षीस मिळालं की ते सगळ्यांत वाटायची रीत आहे. तिचं काम काय, हे संघातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि वर्षातून एक दिवस तिला स्वतःसाठी चालवता येतं." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रविवारचा डबा आणि लेकीचा अभ्यास माझ्याकडे." मी म्हटलं, "रविवारचा डबा नसतोच." "मग सोमवारचा." तिथून बोलणी सुरू झाली, ती अजून चालू आहेत.

घरी राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, गैरसमज नको. घर सांभाळणं हे मागे पडणं आहे, असं मी म्हणत नाही. माझी आजी आयुष्यभर वाऱ्यापुढे राहिली आणि तिच्यामागून आम्ही सगळे इथवर आलो. माझं म्हणणं एवढंच, की बाटल्या कोण आणतं याचा हिशोब घरात मांडलेला असावा, आणि पाळी बदलायची सोय असावी.

जूनमध्ये अर्ज गेला. सप्टेंबरात कार्ड आलं. नोकरी अजून नाही. वाईहून आईनं आणि चिंचवडहून जुन्या मुख्याध्यापिकाबाईंनी कागद गोळा करून पाठवले, ते मूल्यमापनासाठी गेले आहेत. दिवाळीनंतर एका शाळेत बदली शिक्षकांच्या यादीसाठी बोलावलं आहे. येतं की नाही, ते तेव्हा कळेल.

आमचा तीन वर्षांचा मान संपला. पुढच्या मे महिन्यात चौकात रस्ता बंद होणार नाही आणि दूध वेळेवर येईल. शिट्टी मात्र मी परत केली नाही. ती किल्ल्यांच्या खुंटीवर आहे आणि आंघोळीला चला म्हणून लेक ऐकेनाशी झाली की कामी येते.

तुमच्यापैकी कुणाच्या खणात तो फॉर्म अजून पडून असेल, तर मला फोन करा. पदव्यांच्या कागदांचे सगळे घोळ मी करून बसले आहे, तुम्हाला ते पुन्हा करायला नकोत. आणि चॅटनूगाला याल तेव्हा रॉक सिटी झाल्यावर घरी या. तिखटमिठाच्या पुऱ्या तयार असतील. त्या दिवशी करायची पाळी नवऱ्याची निघाली, तर मात्र सांभाळून घ्या!

शुभ दीपावली.