पाहुणा आणि पुळण

क्रिकेटचा नाद असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस डॅरेन सॅमी हें नांव ठाऊक आहेच. त्याच्या नांवाचें मैदान वेस्ट इंडीजमधील सेंट लूशिया बेटावर, ग्रोस आयलेट या मासेमारांच्या लहानशा गांवीं आहे. त्या गांवासमोर पिजन नांवाचें बेट असून त्यावर इंग्रजांचा जुना किल्ला आहे. मालवणासमोरील कुरटे बेटावर १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्याची आठवण व्हावी असेंच तें स्थळ. परंतु १९७२ सालीं बांध घातला गेला व तें बेट जमिनीस जोडिलें. आज त्या बांधावर भलें मोठें हॉटेल उभें आहे. अशा हॉटेलांत उतरणारा पाहुणा आगाऊ पैसे भरून येतो, कुंपणाच्या आंतच जेवतो व पोहतो, आणि परत जातो. त्याच्या ताटांतील अन्नही बव्हंशीं परदेशांतून येतें. मग त्याचा पैसा गांवांत कितीसा राहणार?

हें सांगण्याचें कारण आमची मिठबावची पुळण. आपला जिल्हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरापर्यंत धावूं लागली, आणि २०२१ सालीं चिपीला विमान उतरलें. मालवण-तारकर्लीस गर्दी झाली, तसे पाहुणे कुणकेश्वर व तांबळडेगपर्यंत येऊं लागले आहेत. त्यांनीं अवश्य यावें. ज्या घरीं निवास-न्याहारीची सोय आहे, तेथें घावणे आणि सोलकढी करणाऱ्या गृहिणीच्या स्वतःच्या हातीं चार पैसे येतात, हें आम्हीं पाहिलें आहे. मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहण्यापेक्षां तें शतपटीनें बरें.

जमीन विकण्याची गोष्ट मात्र निराळी. पुळणीलगतची माडाची बाग विकली कीं पैसा एकदांच येतो. त्यांत घराचा स्लॅब, एखादें लग्न व एक मोटारसायकल होते. पुढें मुलगा त्याच बागेच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो! शिवाय रापण ओढावयास मोकळी पुळण लागते. दोरास जो हात लावील त्याला वाटा, ही तिची रीत. कुंपण पडलें कीं ती रीतही संपली. आणि पाहुण्यांचा भरंवसा तरी किती? जून लागला कीं सिंधुदुर्गाची प्रवासी होडी बंद होते. २०२० सालीं तर पाहुणे येणेंच थांबलें. त्या दिवसांत ज्यांच्याकडे जाळें आणि परसू होतें, त्यांच्या घरीं भाताबरोबर कालवण शिजलें.

दिवाळीची सुटी संपून आठ दिवस लोटले तरी वर्गांतील कांहीं बाकें रिकामींच असतात. मुलें पाहुण्यांच्या होड्यांवर गुंतलेलीं असतात. त्यांस आम्ही रागें भरतों, पण खरा प्रश्न त्यांच्या वडील मंडळीपुढें आहे. यंदां कोणी बागेचा सौदा करावयास दारीं आला, तर सही करण्यापूर्वीं सातबाराचा उतारा घरांतील शिकत्या मुलामुलींकडून एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावा. पुढें त्यावर नांवें चढावयाचीं तीं त्यांचीं आहेत.